‘मी जातो’ की ‘मी जाते’?

जन्मदाखल्यावर बहुधा ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहिलेलं असतं. पण स्वतःला कोणताच लिंगभाव जाणवत नाही, अशा अनेक व्यक्ती स्वतःला अजेंडर म्हणवतात. काहींना ही मोकळीक वाटते, काहींना स्वतःच्या शरीराशी जुळवून घेणं जड जातं. पेहरावावरून काहीच ठरत नाही. अजेंडर म्हणजे अलैंगिकही नव्हे. लैंगिक आकर्षण ही निराळी गोष्ट.

मराठीत खरी अडचण क्रियापदाची. इंग्रजीत ‘आय गो’ म्हणून सुटका होते. आपल्याकडे ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ म्हणताच लिंग उघड होतं. म्हणून कुणी ‘आम्ही जातो’ म्हणतं, कुणी ‘मला जायचंय’, ‘मी जाईन’ अशा वाटा शोधतं. रोज, प्रत्येक वाक्यात हे करणं दमवणारं आहे. ‘ते आलं’ असं आपण लेकराबद्दल मायेनं बोलतो. मोठ्या माणसाला मात्र हे नपुंसकलिंगी रूप विचारल्याशिवाय लावू नये.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं, तर १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात आपला लिंगभाव ठरवण्याचा हक्क व्यक्तीचाच मानला. तेव्हा ओळखीत कुणी अजेंडर असेल, तर सरळ विचारा : ‘तुमच्याबद्दल कसं बोललेलं आवडेल?’