संवादी फलक आणि पाटी

खेड्यांतील अनेक प्राथमिक शाळांत आता खडूच्या फळ्याशेजारी संवादी फलक आला आहे. कोठे तो शासकीय योजनेतून मिळाला, तर कोठे ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढून घेतला. शाळेत त्यास ‘स्मार्ट बोर्ड’ किंवा ‘इंटरॅक्टिव्ह पॅनेल’ म्हणतात. फलक भिंतीवर लागला म्हणजे वर्ग संवादी झाला, अशी समजूत मात्र सहज होते. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. तीस मुलांच्या वर्गात एक मूल फलकाला बोट लावते, त्या वेळी उरलेली एकोणतीस मुले काय करीत असतात, यावरच या साधनाचे यश अवलंबून आहे.

या बाबतीत लंडनचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील माध्यमिक शाळांना २००३-०४ मध्ये सरकारी निधीतून असे फलक मोठ्या प्रमाणावर पुरविण्यात आले. लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेने या योजनेचे मूल्यमापन केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, फलकांची संख्या वाढल्यामुळे २००४-०५ या वर्षी विद्यार्थ्यांची संपादणूक वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट काही वर्गांत मुले एकामागून एक फलकापाशी जात राहिल्याने सर्व वर्गाची गती मंदावली, असे आढळले.

यावरून साधन निरुपयोगी ठरत नाही. खडूच्या फळ्यावरील आकृती स्थिर असते. संवादी फलकावर तीच आकृती तोडता येते, जोडता येते, लहानमोठी करता येते आणि पुन्हा पूर्ववत करता येते. या गुणाचा लाभ सर्व मुलांना मिळावा, यासाठी फलकाला पाटीची जोड देणे इष्ट होय.

पाठाचा एक नमुना

‘१/२ मोठा की १/३?’ हा प्रश्न घ्यावा. फलकावर सारख्याच लांबीच्या दोन अखंड पट्ट्या दाखवाव्यात.

(१) प्रथम प्रत्येक मुलाने न बोलता पाटीवर उत्तर लिहावे व सर्वांनी एकदम पाट्या उंच धराव्यात. ३ हा अंक २ पेक्षा मोठा, म्हणून पुष्कळ मुले १/३ लिहितात. शिक्षकाने या वेळी चूक किंवा बरोबर काहीच सांगू नये.

(२) मग शेजारच्या मुलाला आपले म्हणणे पटवून देण्यास दोन मिनिटे द्यावीत.

(३) त्यानंतर एका मुलास फलकापाशी बोलवावे. मात्र नेहमी हात वर करणारेच मूल निवडू नये. त्याने एका पट्टीचे दोन व दुसरीचे तीन समान भाग करावेत. भाग करण्यापूर्वी वर्गाला विचारावे, “कोणत्या पट्टीचा तुकडा लहान होईल?”

(४) शेवटी १/३ व १/४ यांविषयी नवा प्रश्न देऊन पुन्हा पाट्या पाहाव्यात. पुढे जावे की थांबावे, हे त्या पाट्याच सांगतात.

या पाठात फलकापाशी एकच मूल गेले, पण उत्तर तीसही मुलांनी दिले.

जोडवर्गातील अडचण

दोनशिक्षकी शाळेत एका इयत्तेसाठी फलक सुरू केला की दुसऱ्या इयत्तेचेही डोळे तिकडे वळतात. मुलांना दटावण्यापेक्षा दोन्ही इयत्तांना पुरेल असे एकच चित्र निवडावे. आठवड्याच्या बाजाराचे चित्र असल्यास पहिलीच्या मुलांनी भाज्यांची नावे सांगून टोपल्या मोजाव्यात. दुसरीच्या मुलांनी दिलेल्या भावांवरून खरेदीची बेरीज करावी. असे चित्र नसेल, तर फलक त्या तासापुरता बंद ठेवणेच श्रेयस्कर.

फलकाची निगा

बहुतेक मोठ्या फलकांच्या चौकटीतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पृष्ठभागालगत आडवे-उभे जात असतात. बोटाने ते अडले की स्पर्शाची जागा ठरते. म्हणूनच बाहीचा काठ टेकला अथवा चौकटीत खडूची भुकटी साचली, तरी फलक त्यास स्पर्श समजतो. फलकावर आपोआप रेघा उमटू लागल्यास प्रथम वीज बंद करून चौकट कोरड्या, मऊ कापडाने पुसावी. शेजारचा फळा ओल्या कापडाने पुसल्यास भुकटी उडत नाही. खिडकीचे ऊन फलकावर पडू देऊ नये. लहान मुलांनी करावयाची कृती पडद्याच्या खालच्या भागात, त्यांचा हात पोहोचेल अशा जागी ठेवावी.

पाठाचे साहित्य आदल्या दिवशीच फलकात उतरवून ठेवावे, म्हणजे इंटरनेट नसल्याने तास अडत नाही. वीज गेल्यास पट्टीऐवजी कागद दुमडून तोच प्रश्न पुढे चालवावा.

पाठाच्या टाचणात दररोज एक नोंद अवश्य असावी : आज कोणाकोणाची पाटी कोरी राहिली? दुसऱ्या दिवशीच्या पाठाचा आरंभ त्या मुलांपाशी बसून करावा.