मंगळावरील लोहाचे मैदान

भिलईला लागून असलेल्या कुरुदच्या परिसरात, किंबहुना सबंध छत्तीसगडच्या मैदानात, शेतकऱ्याने जमिनीच्या प्रतींना निरनिराळी नावे दिलेली आहेत. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, आणि तांबडी, खडकाळ ती भाठा. या भाठ्याचा मुरूम निरखून पाहिला, तर त्यात लोहयुक्त गोलसर खडे आढळतात. पावसाळ्यात पाणी मुरते, उन्हाळ्यात ते आटते. आणि या फेऱ्यांत मातीतील लोह कणाकणाने एके ठिकाणी गोळा होते. असा खडा म्हणजे पाण्याने आपल्यामागे ठेवलेली पावतीच होय.

अशाच खड्यांनी आपल्या शेजारच्या ग्रहावरील एका मैदानाचा पूर्वेतिहास उलगडला. ते मैदान मंगळाच्या विषुववृत्ताजवळ आहे. मंगळाचे शून्य रेखावृत्त त्या प्रदेशातून जाते, म्हणून त्यास मेरिडियानी हे नाव मिळाले. १९९७ साली मंगळाभोवती फिरू लागलेल्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ या यानाला तेथे हेमॅटाइट असल्याचे दुरूनच जाणवले. हेमॅटाइट हे लोहाचे खनिज भिलईस परके नाही. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली ती दल्ली-राजहराच्या डोंगरांतील याच खनिजाच्या भरवशावर. आणि त्या डोंगरांतील लोहाचे थर अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत.

मग मंगळावरही पाणी होते, असे लगेच म्हणावे काय? तसे म्हणता येत नव्हते. कारण ज्वालामुखीच्या उष्ण खडकात पाण्यावाचूनही हेमॅटाइट तयार होऊ शकते. शासकीय कामाचा अनुभव असलेल्यास हे सहज पटेल की, कागदावरून तर्क करता येतो, परंतु निर्णयासाठी जागेवर जाऊन पंचनामा करावा लागतो.

हा पंचनामा ‘ऑपॉर्च्युनिटी’ नावाच्या फिरत्या यंत्राने केला. २५ जानेवारी २००४ रोजी ते सुमारे २२ मीटर व्यासाच्या एका विवरात उतरले. समोरच थरांचा खडक उघडा पडलेला होता. त्या थरांत, आणि झीज होऊन सुटल्यामुळे भोवतालच्या वाळूवरही, काही मिलिमीटर व्यासाच्या असंख्य गोळ्या होत्या. हेमॅटाइट होते ते मुख्यतः या गोळ्यांत. खडकाच्या छिद्रांतून झिरपणाऱ्या पाण्यातील लोह जागोजागी जमून त्या घडल्या. मूळ खडक गंधकयुक्त क्षारांनी भरलेला निघाला. काही थरांवर उथळ वाहत्या पाण्याने उमटवलेल्या लहरींच्या खुणाही दिसल्या. शिवाय त्यात जॅरोसाइट हे खनिज सापडले. ते आम्लयुक्त पाण्यात तयार होते. आपल्याकडे कच्छमधील मातानोमढ येथे ते आढळते, आणि म्हणूनच भारतीय शास्त्रज्ञांनी मंगळाच्या अभ्यासासाठी त्या जागेची निवड केली.

या पुराव्यांवरून जे चित्र उभे राहते, ते भरल्या सरोवराचे नव्हे. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामधील सखल भागांत भूगर्भातून वर येणारे खारट व आंबट पाणी, ते आटणे आणि पुन्हा येणे, असे ते चित्र आहे. अशा पाण्यात जीवसृष्टीचा निभाव लागणे कठीण. परंतु २०११ साली हे यंत्र सुमारे २२ किलोमीटर व्यासाच्या एन्डेव्हर विवराच्या काठाशी पोहोचले, तेव्हा तेथे जिप्समच्या शिरा आणि पुढे चिकणमातीची खनिजे आढळली. ती अधिक जुन्या व सौम्य पाण्याची निदर्शक होत. म्हणजे एकाच प्रदेशाने कधी जीवास अनुकूल, तर कधी प्रतिकूल, असे दोन्ही काळ पाहिले.

नव्वद दिवसांसाठी धाडलेले ते यंत्र चौदा वर्षांहून अधिक काळ राबले, ४५ किलोमीटर चालले, आणि जून २०१८ मधील धुळीच्या वादळात कायमचे मुके झाले. ‘मंगळावर पाणी होते काय?’ या प्रश्नाच्या जागी त्याने अधिक नेमका प्रश्न ठेवला: ते पाणी कसे होते, आणि किती काळ टिकले? जीवसृष्टीचा शोध यापुढे याच प्रश्नाच्या वाटेने जावयाचा आहे.