ऑक्सिजन चुंबकाला का चिकटतो?

द्रवरूप ऑक्सिजन फिकट निळा असतो आणि ताकदवान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच अडकून राहतो. जेम्स ड्यूअर यांनी १८९१ मध्ये लंडनमध्ये हे पाहिले. शाळेच्या फळ्यावर मात्र आपण दोन 'ओ'मध्ये दोन रेघा मारतो, सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसवतो आणि मोकळे होतो. जोडीतले इलेक्ट्रॉन तर एकमेकांचे चुंबकत्व मारतात. मग हा चिकटतो कशाने?

उत्तर १९२९ मध्ये लेनर्ड-जोन्स यांनी दिले. दोन अणू जवळ आले की त्यांचे कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा, मिसळून रेणूचे कक्षक बनतात. काहींतले इलेक्ट्रॉन अणूंना बांधतात, काहींतले तोडायला बघतात. बांधणाऱ्यांतून तोडणारे वजा करून निम्मे केले की बंधकोटी मिळते: नायट्रोजनची तीन, ऑक्सिजनची दोन, फ्लोरीनची एक. बंध तोडायला मोलमागे अनुक्रमे सुमारे ९४५, ४९८ आणि १५९ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन तोडणाऱ्या, समान ऊर्जेच्या दोन कक्षकांत एकेकटे बसतात. एसटीत दोन बाकं रिकामी असली की अनोळखी प्रवासी बसतात तसे. चुंबकत्व त्यांचेच.

खरी गंमत पुढेच आहे. नायट्रोजनचा एक इलेक्ट्रॉन काढला की बंध सैल होतो, ऑक्सिजनचा काढला तर घट्ट! निघतो तो तोडणाऱ्यांपैकी ना. बंधकोटी अडीच होते, अणूंतले अंतर १.२१ वरून १.१२ अँगस्ट्रॉमवर येते. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा इलेक्ट्रॉन हिसकावतो हे नील बार्टलेट यांना दिसले आणि त्याच धाग्यावरून १९६२ मध्ये त्यांनी 'निष्क्रिय' झेनॉनलाही संयुगात ओढले.