कापसाचा काटा बाई-माणूस पाहत नाही

परवा कपाट आवरताना जुन्या फायलीतून दोन कागद हातात आले. अक्षर माझंच. दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत लिपिकाची एक जागा भरायची होती, त्या मुलाखतींच्या वेळी मी खरडलेली ती टिपणं. पतसंस्थेच्या संचालक मंडळात कायद्याने दोन जागा महिलांसाठी राखीव असतात, त्यातली एक माझी. खरं सांगते, तोवर मला वाटायचं की मी त्या टेबलाशी बसलेय म्हणजे मुलींवर अन्याय होणारच नाही. बचत गटाच्या बायांसमोर भाषणं करणारी बाई मी!

पहिल्या कागदावर एका मुलीबद्दल लिहिलेलं होतं : ‘बी. कॉम., टॅली येते, बोलणं स्वच्छ. लहान मूल आहे. वेळ देऊ शकेल का?’

दुसऱ्या कागदावर एका मुलाबद्दल : ‘बी. कॉम., टॅली येते. लहान मूल आहे. जबाबदारीची जाणीव असेल.’

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पलंगावर बसूनच राहिले. मूल दोघांनाही होतं. एकाच्या बाबतीत ते जमेला धरलं, दुसरीच्या बाबतीत खर्चाला! आणि हे कुणा जुन्या वळणाच्या आजोबांनी नाही, मी लिहिलं होतं. मुलीला आम्ही विचारलं होतं, ‘सासूबाई सांभाळतील का बाळाला? वसुलीला खेड्यावर जावं लागलं तर मिस्टर पाठवतील?’ मुलाला विचारलं, ‘गाडी चालवता ना?’ जागा त्याला मिळाली. मुलगा चांगलाच आहे, काम नीट करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिची तुलना आम्ही त्याच्याशी केलीच नाही. तिची तुलना तिच्या सासूबाईंच्या तब्येतीशी केली.

मैत्रिणींनो, याला इंग्रजीत ‘अनकॉन्शस बायस’ म्हणतात. आपल्या साध्या भाषेत, नकळत केलेला भेदभाव. मनात वाईट काही नसतं, उलट काळजीच असते. म्हणून तर तो पकडता येत नाही. छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती आणि लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पण ‘मॅडम, तुमचं अक्षर छान, प्रोसिडिंग तुम्हीच लिहा’ यात कुठे आला छळ? कौतुकच की! आमच्या सभेत माझं अक्षर सगळ्यांत वाईट. तरी वही पाच वर्षं माझ्याकडेच.

ही खोड आपल्याच गावात आहे असंही नाही. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाच्या जागेसाठी अगदी एकसारखा अर्ज निरनिराळ्या प्राध्यापकांना पाठवला. काहींच्या अर्जावर नाव होतं जॉन, काहींच्या अर्जावर जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला देऊ केलेला पगारही जास्त होता. गंमत, छे, गंमत कसली, महिला प्राध्यापकांनीही तेच केलं. त्याआधी 2007 मध्ये शेली कॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात सारख्याच अर्जांपैकी एकावर ‘आई’ असल्याची खूण ठेवली, तर ती बाई कामात कमी लक्ष देणारी ठरली. ‘बाप’ असल्याने पुरुषाचं मात्र काही बिघडलं नाही. माझ्या दोन कागदांचाच तो मोठा अवतार म्हणायचा.

आता कुणी म्हणेल, आपला वाशीम जिल्हा बायांना मागे ठेवणारा नाही. खरंच आहे. 1 जुलै 1998 ला जिल्हा झाला आणि 1999 पासून 2019 पर्यंतच्या पाचही लोकसभा निवडणुकांत इथून भावना गवळी निवडून गेल्या. पक्ष कुणाला आवडो न आवडो, बाईला दिल्लीला पाठवायला इथल्या मतदाराचा हात कचरला नाही. मग तोच हात लिपिकाच्या जागेशी का अडखळतो? मला वाटतं, दिल्ली लांब आहे. शेजारच्या टेबलावरची बाई जवळ असते.

पंचायतीचंच पाहा. 1993 पासून एक तृतीयांश आणि आपल्या राज्यात 2011 पासून निम्म्या जागा बायांच्या. खुर्ची मिळाली, पण ‘सरपंच साहेब’ म्हणून हाक अजून कित्येक गावांत नवऱ्यालाच. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच मनीषा पानपाटील यांची गोष्ट तर प्रत्येक महिला सदस्याने वाचायला हवी. त्या 2021 मध्ये निवडून आल्या. गावातल्या काहींनी तक्रार केली की त्या सरकारी जागेवरच्या सासूच्या घरात राहतात, म्हणून अपात्र करा. त्यांचं म्हणणं होतं, मी नवऱ्या-मुलांसह वेगळी भाड्याच्या घरात राहते आणि ते घर राहण्याजोगं उरलेलंच नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, आयुक्तांनी तेच कायम केलं, उच्च न्यायालयातही निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. शेवटी 27 सप्टेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं. बाई सरपंच झाली आणि आता तिचं ऐकावं लागणार, हेच तक्रारदारांना पचलेलं दिसत नाही, अशा अर्थाचं न्यायालयाने लिहिलं. निवडून आलेल्या बाईला घालवण्याचा निर्णय अधिकाऱ्यांनी किती सहज घेतला, यावरही बोट ठेवलं. मला यातलं एकच टोचतं. गावकऱ्यांचा राग एक वेळ समजू शकतो, त्यांच्या मनात गाठ असेल. पण त्या कागदांवर सह्या करणाऱ्यांच्या मनात काय होतं? बहुधा काहीच नव्हतं. पुरुष सरपंचाची फाईल असती तर थोडी अधिक उलटून पाहिली असती का, हा प्रश्न मात्र राहतोच.

आणि ‘कामाची जागा’ म्हटलं की आपण ऑफिसच का धरतो? आपल्या बहुतेक बायांचं ऑफिस म्हणजे वावर. गेल्या वर्षी निंदणाच्या दिवसांत मालेगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. एसटीच्या अर्ध्या तिकिटाने गेले, तेवढी चैन आपल्यालाही आहे! तिथे मी हा विषय मोठ्या उत्साहाने काढला. बाया ऐकत होत्या. मग एक वयस्क बाई म्हणाली, ‘ताई, दिवसाची रोजी असली की माणसाची येगळी, बाईची येगळी. माणूस जड काम करते म्हनतात. पन कापूस वेचाले गेलो की किलोवर पैसे. तवा बाईचा कापूस हलका भरते का? कापसाचा काटा बाई-माणूस पाहत नाही.’

मी वहीत लिहून घेतलं. दोन पानं वाचून मी जे सांगत होते ते तिने काट्यावर तोलून दाखवलं. काम मोजलं की भेद निघून जातो, अंदाजाने पैसे ठरवले की परत येतो. दिवसभर वाकून निंदणं हलकं आणि पाठीवर पंप घेऊन फवारणं जड, हे कुणी कधी मोजलं? ठरून गेलं, बस्स.

मुंबईतल्या ऑड्री डिकोस्टा यांचा खटलाही असाच होता. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या. त्याच कामाला पुरुषांना पगार जास्त आणि बायांना कमी. बायांचं ‘लेडी स्टेनोग्राफर’ असं पदच वेगळं करून टाकलेलं, म्हणजे तुलना नको! 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला होता, त्याचा आधार घेऊन त्या लढल्या आणि 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. कंपनीची परिस्थिती बेताची आहे, हे कारणही चाललं नाही. पदाचं नाव बदललं तरी काम तेच ना, असा सरळ हिशोब. आपल्याकडेही ‘मदतनीस’, ‘सेविका’, ‘मॅडमचं सहकार्य’ असे कितीतरी शब्द आहेत. जरा कान देऊन ऐका. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी अशा शब्दांची एक पुस्तिकाच काढली. त्यात ‘करिअर वुमन’ऐवजी नुसतं ‘वुमन’ म्हणा, असं सुचवलंय. पुरुषाला कुणी ‘करिअर पुरुष’ म्हणत नाही, हो ना?

तर ते दोन कागद मी संचालक मंडळाच्या सभेत वाचून दाखवले. हात कापत होते, कारण चूक माझीच होती. अध्यक्ष आधी हसले, म्हणाले, ‘ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता.’ पण एका सदस्याची मुलगी सध्या नोकरी शोधते आहे, ते गप्प झाले आणि त्यांनीच विषय पुढे नेला. खूप वेळ खल झाला. शेवटी ठरलं की मुलाखतीचे प्रश्न आधी लिहायचे आणि प्रत्येकाला तेच विचारायचे. खेड्यावर जायची तयारी आहे का, हे मुलालाही विचारायचं. घर-संसार, लग्न, बाळ यातलं कुणालाच काही विचारायचं नाही. गुण ज्याने त्याने आपल्या कागदावर आधी मांडायचे, चर्चा नंतर. नाहीतर अध्यक्ष एकदा ‘मुलगा बरा वाटतो’ म्हणाले की आमचे सगळ्यांचे आकडे आपोआप तिकडे सरकतात. हे मी स्वतः अनुभवलंय, माझाही आकडा सरकला होता. प्रोसिडिंगची वही मात्र फिरती करायला सगळ्यांनी कुरकुर केली. दोन सभा एका काकांनी लिहिली, तिसऱ्या सभेला ती पुन्हा माझ्यापुढे आली. मी ती न उघडता शेजाऱ्याकडे सरकवली. एवढंसं करायलाही मला छातीत धडधडलं.

ती मुलगी मधे एकदा बाजारात भेटली. कडेवर मूल होतं. एका दुकानात हिशोब लिहिते म्हणाली, पगार अगदीच थोडा. तुझ्या बाबतीत माझं चुकलं, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, ‘काकू, मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही बाळाचं विचारलं तेव्हाच.’ यावर मला काही बोलता आलं नाही.

पतसंस्थेत आणखी एक जागा निघाली आहे. तिने अर्ज केलाय, आणखी बरेच आहेत. येत्या मंगळवारी मुलाखती. प्रश्नांचा कागद टाइप होऊन आलाय, त्याच्या प्रती माझ्या पिशवीत आहेत. त्या दिवशी चहा कुणी मागवायचा, ते अजून ठरलेलं नाही.