बेसिनमागची भिंत: टाइल नको असेल तर?

बडोद्यात बाथरूमचं काम काढलं की बेसिनमागच्या भिंतीला काय लावायचं, हे सहसा कुणी विचारत नाही. टाइलचं गाव मोरबी याच राज्यात, टाइल हवी तेवढी मिळते, कडियाचा हात तिच्यावर बसलेला. आरशापर्यंत टाइल चढते आणि विषय मिटतो. टाइल वाईट नाहीच. पण ज्यांना ती नको असते, तेही शेवटी ऐकीव गोष्टींना घाबरून तिच्याकडेच वळतात.

त्यातली सर्वांत मोठी ऐकीव गोष्ट म्हणजे ‘टाइल लावली की भिंत वॉटरप्रूफ’. पाणी अडवतो तो टाइलवरचा चकचकीत थर. खालचं अंग, साध्या सिरॅमिक वॉल टाइलचं असेल तर, वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं. व्हिट्रिफाइडचं प्रमाण 0.5 टक्क्याच्या आत असतं. सांध्यांतलं सिमेंटचं ग्राउटही पाणी पितं, म्हणून ते काळं पडतं. बेसिन भिंतीला टेकतं ती रेघ तर सगळ्यांत नाजूक. तिथे ग्राउट भरलं की भेग पडतेच, सिलिकॉन हवं. म्हणजे जितके सांधे कमी तितकं बरं, आणि इथे अखंड दगड किंवा काच टाइलपेक्षा सरस ठरते.

मग ‘दगड तो दगड, त्याला काय होतंय?’ हा दुसरा गैरसमज पुढे येतो, आणि बडोद्यात तो महागात पडतो. शहराला आजवा तलावाचं आणि महीकाठच्या फ्रेंच विहिरींचं पाणी मिळतं, पण बाहेरच्या कितीतरी सोसायट्या बोअरवर चालतात. बोअरचं पाणी जड, त्यामुळे नळामागे पांढरे डाग बसतात. ते काढायला घरोघरी ॲसिड, निदान व्हिनेगर किंवा लिंबू तरी निघतं. संगमरवर, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्या कुळातले. आम्ल लागलं की पॉलिश गेलंच. दुकानातून तुकडा मागून घ्या, त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा. तेवढ्या जागेची झळाळी उतरली, तर तो दगड तुमच्या बेसिनमागे नको. ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही. ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट घरात पडून असेल तर त्यातून 6 इंचांची पट्टी कापून, कडेला पॉलिश करून घ्या; इतका स्वस्त पर्याय दुसरा नाही.

‘काच तडकेल’ ही भीती स्वयंपाकघरातून आलेली आहे. इथे ना शेगडी, ना कढई. टफन्ड काच साध्या काचेच्या साधारण चौपट बळकट असते. तिची खरी अडचण वेगळीच: एकदा टफन केली की ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही.

ॲक्रिलिक आणि पीव्हीसी पॅनेलबद्दलचा गैरसमज उलट्या बाजूचा. ‘पाण्याने काहीच होत नाही’ हे शीटपुरतं खरं आहे. मागची भिंत ओली असेल तर ओल तिथेच कोंडते आणि बुरशी धरते. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरलं, त्यांनी भिंत पूर्ण सुकली आहे याची खात्री झाल्याशिवाय पॅनेलचा विचारही करू नये. ॲक्रिलिक पुसताना थिनर किंवा स्पिरिट वापरू नका, त्याने तडे जातात.

राहिला चुना. ‘चुना पाण्यात टिकत नाही’ हे सरसकट म्हणणं चूक आहे. बडोद्यातल्याच तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली चित्रं चुन्याच्या गिलाव्यावर आहेत. ती भिंत कोरडी, हे कबूल. पण मोरोक्कोतल्या हमामखान्यांत, ऐन वाफेत, चुन्याचाच गिलावा असतो. तो दगडाने घोटतात आणि वर साबण चोळतात. साबणाची चुन्याशी क्रिया होऊन पाणी न शोषणारा थर बनतो. राजस्थानची अराईशही अशीच घोटून चकाकते. मात्र हे नेहमीच्या पुट्टीवाल्याचं काम नव्हे, जाणता कारागीर हवा. आणि आम्लाचं पथ्य इथेही आहेच.

नुसते हात धुण्यापुरतं बेसिन असेल तर चांगला ऑइलपेंट आणि खाली चार इंचांची पट्टी पुरते. बोअरचं पाणी असेल तर डोळे मिटून ग्रॅनाइट घ्या. कॉर्पोरेशनचं पाणी आणि थोडी हौस असेल तर काच किंवा चुना. नळ भिंतीतून येणार असेल, तर प्लंबरने जागा पक्की केल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नका.