रिकामा सॉकेट आणि दशांशाचं गणित

आज जरा मागे जाऊ. १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला. आत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. पण या चिपला फक्त पूर्णांकांचं गणित यायचं. ३.१४ गुणिले २.५ करायला थेट सूचनाच नव्हती!

मग काय करायचं? संख्येचे अंक एकीकडे, घात दुसरीकडे ठेवायचा आणि पूर्णांकांच्या कित्येक सूचना वापरून हिशोब जुळवायचा. हे काम सॉफ्टवेअर करायचं आणि भरपूर वेळ खायचं.

म्हणून मदरबोर्डवर एक सॉकेट रिकामा ठेवलेला असायचा. त्यात ८०८७ ही गणिताची वेगळी चिप बसवता यायची. इंटेलच्या आकड्यांनुसार ५ मेगाहर्ट्झवर एक वर्गमूळ काढायला सॉफ्टवेअरला १९,६०० मायक्रोसेकंद लागायचे, ८०८७ ला ३६. म्हणजे निव्वळ वर्गमुळांचं १० तासांचं काम साधारण मिनिटभरात!

मेमरीची अडचण मात्र राहिलीच. ८०८८ मेमरीकडे ६४ केबीच्या तुकड्यांत बघायचा. डबल प्रकारची एक संख्या ८ बाइटची, म्हणजे एका तुकड्यात ८,१९२ संख्या. ९० बाय ९० चं मॅट्रिक्स मावतं, ९१ बाय ९१ चं नाही. मोठं हवं तर तोडून ठेवा.

मला याहून मोठा वाटतो तो विश्वासाचा प्रश्न. तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनची राउंडिंगची रीत वेगळी होती. एकच प्रोग्राम, दोन मशीन, दोन उत्तरं असं होऊ शकायचं. पुलाचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरने कुठलं खरं मानायचं? बर्कलेचे प्राध्यापक विल्यम कहान यांनी ८०८७ साठी इंटेलला सल्ला दिला होता. त्याच कामाच्या ओघात १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक आलं. कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

तुमच्या फोनमधला प्रोसेसरही हेच मानक पाळतो. पायथनमध्ये ०.१ + ०.२ करून बघा, उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. आपल्याला १/३ दशांशात पूर्ण लिहिता येत नाही ना, तसंच बायनरीत ०.१ नेमका मावत नाही. पण हा फरक ठरलेला आहे, मोजता येतो. म्हणूनच मी कोडमध्ये रुपयांऐवजी पैसे पूर्णांकात ठेवतो. तुम्हीही ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात!