खडीखालची जमीन

ठाणे आणि भिवंडी यांच्यामध्ये खाडीकाठी वसलेल्या कशेळीसारख्या गावात नवे घर उभे राहिले, की फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेचा विचार सर्वांत शेवटी होतो. पैसे संपत आलेले असतात. मग खडीची गाडी मागवून ती मातीवर पसरली जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात चाकोऱ्यांतून चिखल वर येतो. दोष खडीला मिळतो. पण बिघाड होतो तो खालच्या मातीत. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. दहा फूट रुंद, तीस फूट लांब वाटेवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे २८०० लिटर पाणी पडते. छपरावरून उतरणारे वेगळेच. भिजलेली चिकणमाती गाडीच्या भाराने दबते, खडीच्या फटींत शिरते आणि खडी तिच्यात रुतते. जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगितले होते, की भार अखेर जमीनच पेलते. ती कोरडी राहिली पाहिजे. आपल्याकडचे खडीकरण याच विचारातून आले आहे.

म्हणून खर्च आधी खाली करावा. मऊ माती खोदून काढावी, तळ दाबावा, त्यावर ४० मिलिमीटर खडीचा थर रोलरने बसवून फटींत कच भरावी आणि मग २० मिलिमीटर खडी घालावी. खडी फोडलेल्या काळ्या दगडाचीच हवी. तिचे कोन एकमेकांत अडकतात, नदीतले गोटे घरंगळतात. वरच्या मापाच्या वाटेवर दाबून नऊ इंच थर हवा असेल, तर पावणेतीन ते तीन ब्रास माल लागेल. मध्यापासून दोन्ही कडांकडे दोन-दोन इंचांचा उतार आणि बाजूला नाली हवीच, कारण खडीतून झिरपलेले पाणी चिकणमाती सहजासहजी शोषत नाही.

यापेक्षा काँक्रीट बरे, असे कोणी म्हणेल. चढ तीव्र असेल किंवा घरात चाकाची खुर्ची वापरणारे कोणी असेल, तर ते खरेच आहे. पण तळ कच्चा असेल तर काँक्रीटलाही तडे जातात, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा खड्ड्यात चार घमेली खडी टाकून धुम्मस करणे कितीतरी सोपे. नुसता मुरूम स्वस्त पडतो, पण संततधारेत तो मऊ होऊन चाके रुततात. काम दिवाळीनंतर काढावे, अर्धा ब्रास खडी शिल्लक ठेवावी आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी जिथे साचेल तिथला उतार आधी सुधारून मगच ती घालावी.